तो आहे म्हणून मी जादा ठरतो का?

प्रश्न : दादा आणि मी यांच्यात एका काल्पनिक यंत्रावरून बरेच दिवस वाद चालू आहे. या यंत्रात शिरलेल्या माणसाच्या शरीराची आणि मेंदूची कणाकणाने नोंद घेतली जाते, मूळ शरीर वेदनेविना नष्ट होते आणि दूरच्या ठिकाणी त्या नोंदीवरून हुबेहूब तसाच माणूस तयार होतो. दादा म्हणतो, मी निःशंकपणे आत जाईन. मी म्हणतो, कधीच जाणार नाही. मग त्याने प्रश्न बदलला. समज, यंत्रात बिघाड झाला, तिकडे प्रतिकृती तयार झाली आणि इकडे तूही शिल्लक राहिलास. आता चालक म्हणाला, ‘राहिलेले काम उरकून घेऊ, तुम्ही तिकडे पोहोचलाच आहात,’ तर तुझी हरकत तर्काला धरून असेल का? मला उत्तर देता आले नाही, पण हरकत मनातून जात नाही. दादा तिला देहाची आसक्ती म्हणतो. पुढे त्याने विचारले, तुझ्या दोन प्रती होणार असतील आणि एकीला अतोनात यातना, दुसरीला अमाप संपत्ती मिळणार असेल, तर यात तुझा फायदा आहे की तोटा? या सगळ्याचा परिणाम असा झाला आहे की पुढच्या वर्षीचा ‘मी’ हीसुद्धा मला माझी एक प्रतच वाटू लागली आहे. गुडघ्यासाठी सांगितलेले रोजचे व्यायाम मी सोडून दिले आहेत, कारण त्यांचा लाभ घेणारा दुसराच कोणी असेल असे मनात येते. मी स्वार्थी आहे की केवळ गोंधळलेला?
– एक वाचक

उत्तर : तुमची हरकत ही आसक्ती नाही, आणि स्वार्थ तर नाहीच. ती एका जिवंत व्यक्तीची स्वतःच्या जगण्याविषयीची रास्त मागणी आहे, आणि ती मोडून काढील असा युक्तिवाद दादांनी अजून मांडलेला नाही. त्यांच्या बोलण्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. ‘तो माणूस मीच आहे का?’ हा एक प्रश्न, आणि ‘त्याच्या बऱ्यावाइटाची काळजी मी स्वतःच्या बऱ्यावाइटासारखी करावी का?’ हा दुसरा. एरवीच्या आयुष्यात या दोन्हींचे उत्तर नेहमी सारखेच येत असल्यामुळे ते दोन आहेत हे आपल्या ध्यानात येत नाही. प्रतिकृतीच्या विचारप्रयोगाचे मोल हेच की तो त्यांना एकमेकांपासून सोडवून समोर ठेवतो. आणि एकदा ते सुटे झाले, की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तो कोणत्या क्षणी विचारला जात आहे यावर अवलंबून राहते. दादांच्या हातून नेमके हेच निसटले आहे.

हा पेच यंत्रयुगाने जन्माला घातलेला नाही. वेताळाने विक्रमाला घातलेले एक कोडे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे : एका स्त्रीच्या पतीचे शिर दुसऱ्याच्या धडावर आणि त्या दुसऱ्याचे शिर पतीच्या धडावर बसले, तर तिचा पती कोणता? विक्रमाने शिराच्या बाजूने निर्णय दिला, आणि स्मृती व विचार मेंदूत असतात असे मानणारा आजचा वाचकही बहुधा तोच देईल. परंतु त्या कोड्यात पतीचे शिर एकच होते, त्यामुळे निवड करता आली. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यांनी १६८६ मध्ये वेगळ्या दिशेने विचारले होते की, पूर्वीचे सारे विसरण्याच्या अटीवर तुम्हाला चीनचा राजा केले, तर तुम्हाला नष्ट करून त्याच क्षणी चीनमध्ये एक नवा राजा निर्माण करण्याहून ते निराळे कसे? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत जोडलेल्या प्रकरणात माणसाचे ‘तोच’ असणे जाणिवेच्या, ढोबळपणे स्मृतीच्या, सातत्यावर बसवले. आणि १७७५ मध्ये तत्त्वज्ञ टॉमस रीड यांनी एका पत्रात तुमच्या दादांचाच प्रश्न जवळजवळ शब्दशः विचारला : माझ्या मेंदूची मूळ रचना मोडल्यावर शेकडो वर्षांनी त्याच द्रव्यातून पुन्हा विचार करणारा जीव घडवला, तर तो मी असेन का, आणि असे दोन किंवा तीन जीव घडवले, तर ते सगळेच मी असतील का? रीड यांना हे अशक्य कोटीतले वाटत होते. तरीही ‘दोन किंवा तीन’ या शब्दांत पुढच्या सगळ्या वादाचे बीज आहे.

पहिल्या प्रश्नाचा निकाल मला तुलनेने सोपा वाटतो. एखादी गोष्ट एकाच वेळी दोन गोष्टींशी एकरूप असू शकत नाही. यंत्रात शिरलेला तुम्ही जर प्रतिकृतीशी एकरूप असाल आणि खोलीत राहिलेल्या माणसाशीही एकरूप असाल, तर ती प्रतिकृती आणि तो राहिलेला माणूस हे परस्परांशी एकरूप ठरतील; पण एक इथे उभा आहे आणि दुसरा तिथे, एकाचा हात भाजला तर दुसऱ्याला कळतही नाही. तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९५० च्या दशकात हाच मुद्दा मांडला. चार्ल्स नावाचा एक आजचा माणूस अचानक सतराव्या शतकातील कटवाला गाय फॉक्स याच्या आठवणी अचूक सांगू लागला, तर तोच गाय फॉक्स आहे असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याचा भाऊ रॉबर्टही त्याच आठवणी तितक्याच अचूकपणे सांगू लागला तर काय म्हणणार? दोघेही तोच असू शकत नाहीत, आणि एकाला डावलून दुसऱ्याला निवडायला आधार नाही. म्हणजे नुसत्या स्मृतीच्या साम्यावर ‘तोच’ असणे उभे राहत नाही. आपल्या परंपरेत उदयनाचार्यांनी ‘नान्यदृष्टं स्मरत्यन्यः’, म्हणजे एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही, असे म्हटले होते, आणि नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, त्या तत्त्वाच्या बळावर स्थिर आत्मा सिद्ध करू पाहिला. प्रतिकृतीचे उदाहरण त्या तत्त्वाला अडचणीत आणते, कारण तिला तुमचे बालपण ‘आठवते’, पण ते तिने पाहिलेले नाही. त्या आठवणी खोट्या नाहीत, तरीही साध्या अर्थाने तिच्या नाहीत.

इथवर दादांनाही हरकत असू नये. त्यांचे खरे बळ पुढच्या पायरीवर आहे, आणि ते त्यांच्या वतीने पूर्ण ताकदीने मांडणे मला योग्य वाटते, कारण अर्धवट मांडलेल्या मताला उत्तर दिल्याने तुमची अस्वस्थता जाणार नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड विगिन्स यांनी १९६७ मध्ये सुचवलेले आणि तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९७१ च्या लेखात व पुढे १९८४ च्या ग्रंथात विस्ताराने लढवलेले उदाहरण घ्या. समजा, मेंदूचा कोणताही एक अर्धगोल माणसाचे सारे मानस जपायला पुरेसा आहे. तुमचा एक अर्धगोल नव्या शरीरात बसवला आणि दुसरा वाया गेला, तर तुम्ही वाचलात असे सगळे म्हणतील. आता दोन्ही अर्धगोल दोन शरीरांत यशस्वीपणे बसवले, तर? दोघेही तुम्ही असू शकत नाहीत. एकाची निवड करता येत नाही. तेव्हा काटेकोर अर्थाने तुम्ही उरला नाहीत असे म्हणावे लागते. पण एकदा मिळालेले यश जगणे होते, मग दोनदा मिळालेले यश मरण कसे ठरेल? यावर पार्फिट यांचा निष्कर्ष असा की आपल्याला जगण्यात जे हवे असते ते ‘तोच असणे’ नव्हे. हवे असते ते स्मृती, हेतू, स्वभाव आणि श्रद्धा यांचे पुढे वाहत राहणे, आणि ते दोन फाट्यांतही वाहू शकते. डेव्हिड लुईस यांनी १९७६ मध्ये दोन व्यक्ती पहिल्यापासूनच एका शरीरात होत्या असे म्हणून एकत्व वाचवण्याचा प्रयत्न केला; तो चतुर आहे, पण माझे समाधान करत नाही.

एक सावधगिरी इथेच नोंदवतो. तीव्र अपस्मारावर उपाय म्हणून दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पट्टा कापलेल्या रुग्णांचा अभ्यास रॉजर स्पेरी यांनी केला आणि त्यांना १९८१ चे नोबेल मिळाले. या रुग्णांत ‘दोन माणसे’ तयार झाली असे बोलण्याची प्रथा पडली आहे. विशेष रचलेल्या चाचण्यांत त्यांच्या दोन बाजूंची माहिती खरोखर वेगळी राहते, पण रोजच्या वागण्यात ते एका व्यक्तीसारखेच वावरत होते. अर्धगोल वेगळ्या शरीरात बसवणे मात्र निव्वळ कल्पना आहे. ज्या उदाहरणावर इतके वजन टाकायचे ते किती काल्पनिक आहे याचे भान दोन्ही बाजूंना असलेले बरे.

पार्फिट यांच्या पहिल्या पावलाशी मी सहमत आहे : ‘तोच असणे’ आणि ‘ज्याची काळजी करावी’ हे एक नाही. विभाजनाच्या आदल्या संध्याकाळी विचारले, तर दोन्ही फाट्यांतील माणसांची काळजी स्वतःसारखी करायला तुम्हाला पुरेपूर कारण आहे. दोघांमागे तुमचा भूतकाळ आहे, दोघे तुमची अर्धवट कामे पुढे नेतील, दोघे तुमच्या माणसांवर तितकेच प्रेम करतील. पण दादांचा प्रश्न आदल्या संध्याकाळचा नाही. बिघाड झालेल्या यंत्राच्या खोलीत, फाटा फुटून गेल्यानंतर तो विचारला जातो. त्या वेळी दोन व्यक्ती अस्तित्वात आहेत, दोघांना वेगवेगळे दिसते, वेगवेगळे दुखते, आणि प्रतिकृतीच्या पुढच्या अनुभवाची वाट तुम्ही आतून पाहू शकत नाही. ती उद्या जे पाहील त्यातले काहीही खोलीतल्या माणसापासून पुढे वाहत गेलेले नसेल; ते वाहिले आहे यंत्रात शिरलेल्या माणसापासून, आणि तो तुम्हा दोघांचा समान भूतकाळ आहे. दादांनी आदल्या संध्याकाळचे उत्तर उचलून दुसऱ्या दिवशीच्या खोलीत लावले.

मतभेद इथे संपत नाही, कारण पार्फिट यांनी अशा प्रसंगातही ठामपणे म्हटले होते की, मूळ माणूस काही दिवसांत मरणार असेल आणि प्रतिकृती जगणार असेल, तर ते सामान्य जगण्याच्या जवळपास तोडीचे आहे. त्यासाठी त्यांनी झोपेच्या काही गोळ्यांचे उदाहरण दिले : गोळी घेतल्यावर माणूस तासभर जागा राहतो, पण सकाळी त्याला त्यातील शेवटच्या अर्ध्या तासाचे काहीच आठवत नाही. त्या अर्ध्या तासात जागा असलेला माणूस सकाळच्या माणसाच्या दृष्टीने तुमच्यासारखाच शिल्लक राहिलेला फाटा आहे, आणि तरीही तो मरणाला सामोरा जात असल्यासारखा घाबरत नाही. हा युक्तिवाद मला या वादातील सर्वांत कठीण वाटतो. माझे उत्तर असे : गोळी घेतलेल्या माणसाची एक आठवण पुसली जाते, पण त्या वेळी जो मेंदू जाणतो, भितो, वाट पाहतो, तोच मेंदू सकाळी जागा होतो, त्याचे चालणे थांबवून दुसऱ्या कोणाच्या चालण्याकडे बोट दाखवलेले नसते. मनातील मजकूर आणि तो मजकूर बाळगणारी जिवंत, चालू असलेली प्रक्रिया या दोन गोष्टी आहेत, आणि मला दुसरीलाही वजन द्यावेसे वाटते. ज्याला केवळ मजकूर पुरेसा वाटतो त्याला मी तर्काने गप्प करू शकत नाही. पण मग त्यालाही तुम्हाला तर्काने गप्प करता येत नाही, आणि ‘आसक्ती’ हा शब्द त्या जागी युक्तिवाद म्हणून वापरता येत नाही.

शिवाय इथे सिद्धान्ताहून आधी येणारी एक गोष्ट आहे. लॉक यांनी ‘व्यक्ती’ हा शब्द न्यायव्यवहाराचा मानला होता : कृत्याचे श्रेय, दोष आणि उत्तरदायित्व ज्याच्याकडे जाते ती व्यक्ती. त्या अर्थाने खोलीत आणि तिकडे मिळून आता दोन व्यक्ती आहेत, आणि एकीच्या संमतीने दुसरीचे आयुष्य संपवता येत नाही. उलट करून पाहा. चालकाने ठरवले की मूळ माणूस राहिला आहे, तेव्हा प्रतिकृती अनावश्यक आहे, तर ती प्रतिकृती तुमच्याच शब्दांत हरकत घेईल, आणि ‘मी इथे सुरक्षित आहे, तू निश्चिंतपणे जा’ असे तिला सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे असे तुम्हालाही वाटणार नाही. जी हरकत तुम्ही तिलाही तितक्याच मनापासून देऊ करता, तिला स्वार्थ म्हणता येत नाही.

आता यातना आणि संपत्ती. या प्रश्नावर मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण स्वहिताचा हिशेब नेमका कशावर उभा असतो ते इथे उघडे पडते. आज कष्ट सोसून उद्या सुख मिळवण्यात शहाणपणा आहे असे आपण म्हणतो, ते कष्टाची भरपाई ज्याने कष्ट सोसले त्यालाच होते म्हणून. दोन फाट्यांत ही भरपाई होत नाही. यातना भोगणाऱ्या प्रतीला दुसरीच्या संपत्तीतून काहीही मिळत नाही, आणि संपत्ती उपभोगणाऱ्या प्रतीने यातनांची किंमत मोजलेली नसते. म्हणून ‘एकूण बेरीज फायद्याची आहे’ हे उत्तर इथे चुकते. काही जण म्हणतात, काळजीही अर्धी अर्धी वाटावी, म्हणजे यातनांची शक्यता निम्मी धरावी. तेही मला पटत नाही, कारण यातना निम्म्या होत नाहीत. त्या कोणीतरी पूर्ण भोगणार हे निश्चित आहे, आणि तो कोणी तुमच्या आजच्या जाणिवेचाच पुढचा प्रवाह असेल. विल्यम्स यांनी १९७० च्या लेखात दाखवले की उद्या तुझा छळ होईल, पण त्याआधी तुझ्या साऱ्या आठवणी पुसल्या जातील, असे सांगितल्याने भीती कमी होत नाही. प्रस्तुत उदाहरणात तर आठवणीही शाबूत आहेत. तेव्हा आज तुम्हाला निर्णय घ्यायचा असेल, तर दोघांनाही पूर्ण वाटा असलेले वारस माना आणि एकाच्या यातना दुसऱ्याच्या समृद्धीसाठी विकू नका. निम्म्या शक्यतेची भाषा एकाच क्षणी योग्य ठरते : विभाजनानंतर अंधाऱ्या खोलीत जाग आली आणि आपण दोघांपैकी कोण हे अजून कळले नाही, तेव्हा. त्या वेळी अज्ञान खरे असते आणि उत्तरही एकच असते.

आणि सौदा झालाच असेल तर? संपत्ती मिळालेली प्रत दुसरीचे देणे लागते, असे मी मानतो. ज्याने तो सौदा केला तो तिचाही भूतकाळ आहे. संमतीची जबाबदारी तिच्याकडे जितकी आली तितकीच यातना भोगणाऱ्याकडेही आली, पण ओझे मात्र एकट्यावर पडले. स्वहिताचा प्रश्न फाटा फुटताच न्यायाचा होतो, हे यातून दिसते.

यावरून तुमच्या गुडघ्याच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. पुढच्या वर्षीचा ‘मी’ हा प्रतिकृतीसारखा नाही. तुमच्या आणि त्याच्यामध्ये फाटा नाही, दुसरा दावेदार नाही, आणि तुम्हाला बाजूला सारून तो उभा राहिलेला नाही. आज जो मेंदू या व्यायामाचा कंटाळा करतो, तोच त्या वेळी जिना चढताना दुखणे किंवा आराम अनुभवणार आहे. मेंदूच्या बाह्य थरातील बहुतेक चेतापेशी तर जन्मभर त्याच राहतात. म्हणजे स्वहिताला जी भरपाई लागते ती इथे पूर्ण होते. विचारप्रयोगाने प्रतिकृतीबद्दल निर्माण केलेली शंका तुम्ही अशा ठिकाणी आणली आहे जिथे ती शंका निर्माण करणारी परिस्थितीच नाही.

पण समजा, तुमची शंका इतक्याने शमली नाही. नीतितत्त्वज्ञ हेन्री सिजविक यांनी १८७४ मध्ये विचारले होते की, दुसऱ्याच्या सुखासाठी मी त्याग का करावा असे विचारता येत असेल, तर माझ्याच भविष्यातील सुखासाठी आजचा त्याग का करावा असेही का विचारू नये? त्यांच्या कितीतरी आधी, आठव्या शतकात, बौद्ध आचार्य शांतिदेवांनी हेच निरीक्षण विरुद्ध दिशेने वापरले : पुढे दुःख भोगणारा आजच्याहून वेगळा असूनही तुम्ही त्याला जपता, मग आज समोर असलेल्या इतरांना का जपत नाही? तुम्ही जो निष्कर्ष काढलात त्याच्या हा नेमका उलट आहे, आणि तो अधिक सरळ आहे. पुढच्या वर्षीचा माणूस तुम्ही नाही असे क्षणभर धरले, तरी तो ज्याचा गुडघा पूर्णपणे तुमच्या हाती आहे असा एक माणूस आहे, आणि त्याच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करणे हा निष्काळजीपणा न राहता अन्याय ठरतो. पार्फिट यांनीही स्वतःविषयीच्या घोर बेपर्वाईला नैतिक दोष मानावे असेच म्हटले होते. दोन्ही वाटांनी व्यायाम करावाच लागतो. पहिल्या वाटेने तो शहाणपणा आहे, दुसरीने कर्तव्य. तेव्हा तो आजच पुन्हा सुरू करा आणि ज्यांनी सांगितला त्यांना मध्ये पडलेला खंडही कळवा, कारण खंडानंतर तो किती जोराने करायचा हे त्यांनीच ठरवायला हवे.

राहिले पहिले यंत्र, ज्यात मूळ माणूस त्याच क्षणी नष्ट होतो. असे यंत्र येऊ घातलेले नाही. ३०२ चेतापेशी असलेल्या एका सूक्ष्म कृमीच्या मज्जासंस्थेचा नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला, प्रौढ फळमाशीच्या मेंदूतील सुमारे १ लाख ४० हजार पेशींचा २०२४ मध्ये, आणि माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी आहेत. त्या यंत्रात शिरायला दादा तयार आहेत आणि तुम्ही नाही. यात दोघांपैकी कोणालाही मी तर्कदुष्ट म्हणणार नाही. मात्र दादांना एक गोष्ट विचारा. मूळ शरीर त्याच क्षणी नष्ट न होता एका मिनिटाने नष्ट होणार असेल, आणि ते मिनिट त्यांना पूर्ण शुद्धीत, तिकडे प्रतिकृती हसत बाहेर पडताना पाहत काढायचे असेल, तर ते अजूनही आत जातील का? ते हो म्हणाले, तर मिनिटाचा तास करा, तासाचा दिवस, दिवसाचे वर्ष. कुठेतरी ते नाही म्हणतील असे मला वाटते, आणि मग ती रेषा नेमकी तिथेच का, हे सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर येईल. तोच प्रश्न उलट्या बाजूने तुम्हालाही लागू आहे : नकाराचे कारण जर त्या मिनिटात असेल, तर मिनिट शून्यावर आणल्यावर तुमच्या नकाराला काय आधार उरतो? चालू असलेली प्रक्रिया थांबते, हे माझे उत्तर मी वर दिले आहे. तुम्ही ते स्वीकारता का, हे दादांशी पुढच्या वेळी बोलण्याआधी स्वतःशी ठरवून घ्या.